बैठकीतलं मत आणि अर्जावरची सही

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका महिला मंडळाच्या सचिवांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मंडळाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली. सामाजिक धोरणांवरच्या दोन-तीन बैठकांना पणजीला जाऊन आले. तिथे स्वयंसेवी संस्थावाले योजनांबद्दल एक बोलतात आणि बाहेर चहा घेताना भलतंच. गृह आधार (गृहिणींना महिन्याची रोख मदत), दयानंद योजना (म्हाताऱ्यांची, विधवांची पेन्शन), वनहक्क, सगळीकडे तेच. मग संस्थांचं खरं मत कुठलं धरायचं? आणि आता योजनांचे अर्ज भरायचं शिबिर मंडळाने घ्यावं असं पंचायतीत सांगताहेत, पुढे ग्रँटही मिळेल म्हणतात. घ्यावं का?"

तुम्ही गोंधळलात याचं नवल नाही, मीही पहिली दहा वर्षं गोंधळलेलीच होते. १९९८ पासून फोंडा, सांगे आणि सत्तरीच्या पट्ट्यात काम करते आहे. आधी बालवाड्या, मग बचत गट, आता जास्त करून म्हाताऱ्या माणसांचं काम. एवढ्या वर्षांत एक सवय जडली आहे. एखादी संस्था योजनेबद्दल काही बोलू लागली की मी मनात दोन गोष्टी विचारते. हिच्या माणसांचा पगार कुठून निघतो? आणि सकाळी हिच्या दारात कोण येऊन बसतं? मत कुठे झुकणार ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं. यात कुणाला खोटं पाडायचं नाही. उदाहरण माझंच देते.

२००५-०६ च्या सुमारास आमच्या सहा बालवाड्या एका खाण कंपनीच्या पैशांवर चालायच्या. शिक्षिकांचं मानधन, खाऊ, खेळणी, सगळं तिकडून. बालवाडीसमोरून खनिजाचे ट्रक जायचे. मधल्या सुट्टीत शिक्षिका ओलं फडकं घेऊन आधी मुलांच्या डब्यांची झाकणं पुसायची, मगच डबे उघडू द्यायची, कारण तासाभरात त्यांवर लाल धुळीचा थर बसलेला असायचा. ते फडकं दिवसातून तीनदा धुवावं लागे आणि तरी ते कधी पांढरं दिसलं नाही. या धुळीविरुद्ध ग्रामसभेत ठराव येणार होता त्या रविवारी मी गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता. त्या वर्षी मला कुणी खाणींबद्दल विचारलं असतं तर "आम्ही मुलांसाठी काम करतो, तो आमचा विषय नव्हे" असं अगदी शांतपणे सांगितलं असतं, आणि मला ते पटलेलंही असतं.

पुढे २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. निधी आटला, सहापैकी चार बालवाड्या बंद पडल्या. मग मला धुळीवर मोकळेपणाने बोलता येऊ लागलं. पण तोवर आमच्याच बचत गटातल्या बायकांच्या घरी ट्रकचे हप्ते थकले होते आणि माझं बोलणं ऐकायची त्यांची तयारी नव्हती. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या तेव्हा एका संस्थेच्या कार्यालयात पेढे वाटले जात होते आणि दुसरीच्या कार्यालयात मोर्चाचे फलक रंगवले जात होते. दोन्हीकडची माणसं मी ओळखते. दोन्हीकडची प्रामाणिक आहेत. तेव्हा "गोव्यातल्या स्वयंसेवी संस्थांचं म्हणणं" असं वर्तमानपत्रात छापून आलं की कुठल्या संस्थांचं, हे आधी बघायचं.

आता रोख पैशांच्या योजना. तुमच्या मंडळाशी सगळ्यात जवळचा विषय हाच.

२०१२ मध्ये गृह आधार आली तेव्हा मी एका दैनिकात तावातावाने लेख लिहिला होता. मतांची पेरणी आहे, बायकांना हात पसरायला शिकवताहेत, त्यापेक्षा रोजगार द्या, वगैरे. त्या काळी संस्थांच्या वर्तुळात असंच बोलायची पद्धत होती. अजूनही आहे. कात्रण माझ्याकडे आहे, पण आज ते वाचवत नाही. लेख लिहिण्याआधी मी एकाही गृहिणीला विचारलं नव्हतं.

मत बदललं ते दोनेक वर्षांनी, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, फोंड्याच्या बाजारात. आमच्या गटातली धारबांदोड्याची एक बाई माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं सामान घेत होती. आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा कात्रा. नवरा बाजूला पिशवी धरून उभा. दरवर्षी तो पैसे मोजायचा आणि ती पिशवी धरायची, हे मी पाहिलेलं होतं. त्या दिवशी तिने कमरेची पर्स काढली, घासाघीस केली, दोन आंबाडे परत ठेवून दुसरे निवडले आणि पैसे दिले. मला बघून म्हणाली, "हे माझ्या पैशांतलं, बाई." रक्कम केवढी होती? आज महिना १,५०० रुपये आहेत, तेव्हा त्याहूनही कमी होती. एवढ्यात घर चालत नाही, हे तिलाही माहीत होतं. माझ्या लेखात जी "परावलंबी बाई" होती ती मात्र त्या बाजारात कुठे दिसली नाही.

म्हणून आता रोख मदतीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पैसे वेळेवर येत नाहीत. तीन-तीन महिने काही नाही, मग चवथीच्या तोंडावर एकदम. "बाय, पयशे आयले काय गो?" हा प्रश्न मला रस्त्यात, बसमध्ये, एकदा तर मयताच्या घरीही विचारला गेला आहे. दुसरी तक्रार, रकमा जागच्या हलत नाहीत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिना २,००० मिळतात, कित्येक वर्षं तेवढेच. गॅस, औषधं, मासळी, कशाचाही भाव तिथे थांबलेला नाही. संस्थांनी यावर आवाज उठवायला हवा होता. पण योजनेलाच नाक मुरडण्यात आमचा इतका वेळ गेला की रक्कम वाढवा असं म्हणायला तोंड उरलं नाही. लाडली लक्ष्मीबद्दल माझी कुरकुर मात्र कायम आहे. लग्नाच्या खर्चामुळे मुलगी ओझं वाटू नये म्हणून एक लाख द्यायचे, हा विचार मुळातच हुंड्याच्या हिशेबाला हात न लावता केलेला आहे. तरी अर्ज भरायला कुणी आलं तर मी भरून देते. इथे माझंही बैठकीतलं मत एक आणि हातातलं काम दुसरं, तुम्ही पकडलंच असतं.

खरा जीव जातो तो कागदांत. गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. सत्तरीतल्या एका वाड्यावर सत्तरी ओलांडलेली एक मावशी आहे. तिची पेन्शन चार महिने बंद झाली, कारण हयातीचा दाखला वेळेत पोचला नव्हता. दाखला आणायला मुलीबरोबर निघाली होती, त्या दिवशी बस आली नाही. मग पाऊस लागला. मग मुलगी सासरी गेली. शेवटी मी गाडी करून तिला नेलं, तर बँकेत निराळंच निघालं: केवायसी करायला अंगठा लागेना. मशीन तीनदा लाल झालं. काउंटरवरची मुलगी चांगली होती, म्हणाली, "मावशी, हात धुऊन या." मावशीने हात धुतले, लुगड्याला पुसले, पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मी तिचा हात हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत, कडेला काळपट. बावीस वर्षं तिने काजू फोडले होते. त्या टरफलाचा चीक कातडी जाळतो, बोटांवरच्या रेघा उरत नाहीत. राज्याला काजूगर दिले त्या बोटांनी, आणि आता राज्य विचारतंय की तू तूच कशावरून? डोळ्याच्या मशीनवर काम झालं, पण ते मशीन दुसऱ्या शाखेत होतं, दुसऱ्या दिवशी.

हे सांगायचं कारण असं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं शंभरात अकराच्या वर होती, देशात साडेआठच्या आसपास. मुलं परदेशात किंवा पुण्या-बंगळुरात, घरात म्हातारी दोघं, नाहीतर एकच. वृद्धांच्या धोरणावर पणजीत चर्चा झाली की ती वृद्धाश्रमांवर होते, डे-केअरवर होते, एकटेपणावर होते. गरजेचं आहे ते सगळं. पण आमच्याकडे येणाऱ्या दहा म्हाताऱ्यांपैकी सात-आठ जण कुठल्या ना कुठल्या दाखल्यासाठी येतात. त्यामुळे गावपातळीवरच्या संस्था हळूहळू सरकारच्या बिनपगारी कारकून झाल्या आहेत. आम्ही झेरॉक्स काढतो, फोटो चिकटवतो, मामलेदार कचेरीत रांग लावतो. आणि दिवसभर कारकुनी करणाऱ्याला संध्याकाळी धोरणावर टीका करायचं भान राहत नाही, जमतही नाही. उद्या त्याच टेबलावर पुन्हा जायचं असतं.

आता जिथे आमचं क्षेत्र मला सगळ्यात कमी पडलेलं वाटतं, तिथे येते. पंधरा वर्षांची अट.

दयानंद योजना आणि गृह आधार, दोन्हींना गोव्यात पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विम्याच्या योजनेला पाच वर्षं पुरतात. म्हणजे आजारी पडायला पाच वर्षं आणि विधवा व्हायला पंधरा, असं मी एकदा चेष्टेत म्हटलं होतं. कुणी हसलं नाही. कुर्टीच्या बाजूला एक बाई राहते, मूळची उत्तर कर्नाटकातली, गोव्यात अकरा वर्षं. दोन्ही मुलं इथेच जन्मली, थोरली मराठी शाळेत चौथीत आहे. नवरा स्लॅबवरून पडून गेला. तिला महिन्याच्या पैशांची कुठलीच योजना लागेना. मी आमच्या कार्यकारिणीत विषय काढला, या अटीविरुद्ध निवेदन देऊ या. गप्पागप्प. मग एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी संस्थेला आयुष्य दिलं आहे, ते म्हणाले, "अट काढली तर आपल्या माणसांना काय उरेल?" बैठक संपल्यावर बाहेर परप्रांतीयांसाठी जो शब्द वापरला गेला तो इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

निवेदन गेलं नाही. आमच्याच संस्थेतून गेलं नाही, मग इतरांना काय बोलू? ज्या संस्था वास्कोत, मडगावात वस्त्यांमध्ये काम करतात त्या या अटीविरुद्ध बोलतात, कारण त्यांच्या दारात सकाळी तीच माणसं असतात. आतल्या तालुक्यांतल्या आम्ही गप्प बसतो. आमचे वर्गणीदार, आमचे सदस्य, आमच्या जत्रेतले लोक सगळे इथलेच, आणि जमीन जातेय, नोकऱ्या जाताहेत ही त्यांची भीतीही काही काल्पनिक नाही. पण त्या भीतीचा हिशेब एका विधवेकडून वसूल करणं मला पटलेलं नाही, अजून.

तुमच्या कामाला येईल म्हणून सांगते: अशा घरांसाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाची वाट आहे. केंद्रीय कायद्याने बांधकामांवर उपकर घेतला जातो आणि आदल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते. तिथे पंधरा वर्षांचा प्रश्न नाही. कुर्टीच्या त्या बाईच्या नवऱ्याची नोंदणी नव्हती, कारण नव्वद दिवसांचा दाखला कंत्राटदाराने द्यायचा असतो आणि तो देत नाही. आता आम्ही माणसं धडधाकट असतानाच नोंदणीच्या मागे लागतो. तुमच्या भागात बांधकामं वाढली असतील तर शिबिरात हा एक अर्ज आवर्जून ठेवा.

आपलं-परकं करायच्या याच मानसिकतेचं दुसरं टोक २०१८ च्या जानेवारीत दिसलं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात, परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं. दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे येतात, पेडण्या-डिचोलीच्या निम्म्या घरांची सोयरीक तिकडे. तिकडे आंदोलन झालं. इकडच्या किती संस्था बोलल्या? बोटांवर मोजाव्यात इतक्या. माझ्या स्वतःच्या वहिनीचं माहेर दोडामार्गचं, आणि मीही तेव्हा फोनवर हळहळण्यापलीकडे काही केलं नाही.

पणजीतल्या बैठकांबद्दल. तुम्ही गेलात म्हणजे पाहिलंच असेल. मसुदा इंग्रजीत, साठ-सत्तर पानांचा, आदल्या रात्री ईमेलवर. हॉल एसी. पहिल्या दोन रांगांत पणजी, म्हापसा, मडगावच्या संस्था, ज्यांना तो मसुदा वाचता येतो आणि त्यावर बोलताही येतं. मागच्या रांगांत सत्तरी, काणकोण, केप्याच्या बायका. अधिकारी शेवटी म्हणतात, "सूचना आठ दिवसांत लेखी पाठवा." कुठल्या भाषेत, ते सांगत नाहीत. मागच्या रांगेतली बाई घरी येऊन मंडळाच्या वहीत मराठीत ठराव लिहिते, तिथेच तो राहतो. पुढच्या रांगेतला माणूस तीन पानं पाठवतो आणि मग "स्वयंसेवी संस्थांशी विचारविनिमय झाला" असं अहवालात येतं. यात पुढच्या रांगेचा दोष कमी आहे. त्यातल्या काही जणांनी खरंच डोंगराएवढं काम केलं आहे. मागची रांग मराठीत आणि कोकणीत लिहून पाठवत नाही, हाही दोष आहेच. मी गेली सहा वर्षं हट्टाने मराठीत सूचना पाठवते, खाली आवक क्रमांक मागून घेते. दोनदा उत्तर आलं. इंग्रजीत.

संस्था बोलल्या आणि धोरण बदललं असं कधी झालंच नाही, असं मात्र समजू नका. गोवा बाल कायदा २००३ चा. त्याच्या मागे फ्रेडी पीट्सचं प्रकरण होतं. १९९१ मध्ये मडगावात हा माणूस पकडला गेला, अनाथ मुलांचं घर चालवतो म्हणून मिरवायचा आणि मुलांचं लैंगिक शोषण करायचा, विदेशी पर्यटकांनाही पुरवायचा. १९९६ मध्ये शिक्षा झाली. त्या काळात बालहक्कांसाठी झगडणाऱ्या बायका-पुरुषांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, म्हणून देशात इतर कुठल्या राज्याकडे नव्हता असा कायदा आपल्याकडे आला, वेगळं बाल न्यायालय आलं. हॉटेलच्या खोलीत अनोळखी प्रौढासोबत मूल दिसता कामा नये, ही जबाबदारी हॉटेलवाल्यावर टाकणारं कलम त्यात आहे. मुलांवर काम करणाऱ्या संस्था त्या कायद्याबद्दल बोलताना "आमचा कायदा" म्हणतात, तो सूर तुम्ही इतर कुठल्या धोरणाबद्दल ऐकणार नाही. त्यातल्या गावपातळीवरच्या बाल समित्यांची गत वेगळी. आमच्या पंचायतीतल्या समितीची वही मी मागितली तेव्हा तीन वर्षांत दोन बैठका होत्या, दोन्ही चौदा नोव्हेंबरच्या.

'संगाथ'चं नावही घ्यायला हवं. १९९६ पासूनची ही संस्था. साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं तर गुण येतो, हे तिने गोव्यातच चाचणी घेऊन दाखवलं आणि २०१० मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. अशा संस्थेचं मत सरकार ऐकतं, कारण तिच्या हातात आकडे असतात. आमच्या हातात हकिकती असतात. हकिकती ऐकून अधिकारी हळहळतात आणि फाईल तिथेच राहते. म्हणून अलीकडे आम्ही एक साधी वही ठेवतो: अर्ज कधी दिला, काय कमी आहे म्हणून परत आला, किती फेऱ्या झाल्या, बसभाडं किती गेलं, पैसे कधी आले. चाळीस घरांची अशी वही घेऊन बसलं की बोलणं वेगळं होतं. हे मी खूप उशिरा शिकले.

वनहक्कांवर तुम्हाला जे दुटप्पी वाटलं ते थोडं उकलून सांगते. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. धनगर बाहेरच राहिले. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, पण गोव्यात दावे भरायला सुरुवातच कितीतरी उशिरा झाली, आणि दहा हजारांच्या आसपास दाव्यांचा निकाल लावायचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत राहिलं. कुठे ग्रामसभेची गणपूर्ती नाही, कुठे मोजणी नाही. अशात २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसरात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायचा आदेश दिला. पर्यावरणाच्या संस्थांसाठी हा मोठा विजय होता. सत्तरीच्या वाड्यांवर काम करणाऱ्यांसाठी पहिला प्रश्न होता की ज्यांचे दावे लटकलेत त्यांचं काय. वाघ हवाच, असं मीही मानते. म्हादईचं पाणी आपण पितो. पण २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ विष घालून मारले गेले, तेव्हा गुरं मारली गेल्यावरच्या भरपाईचा प्रश्नही पुढे आला होता, आणि भरपाई वेळेवर देणं हे सामाजिक धोरणच आहे, वनखात्यापुरती बाब नाही. हे दोन्ही एकत्र बोलणारी संस्था पुढे यायला हवी होती. आली नाही, कारण वाघवाल्या संस्था न्यायालयात होत्या आणि माणसंवाल्या संस्था मामलेदार कचेरीत. दोघांची गाठ पडते ती पणजीतल्या बैठकीत, चहाच्या टेबलाशी. तुम्ही तिथे जे ऐकलंत ते बहुधा हेच.

कायदेकानूंच्या बदलांबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा कडक झाला: खातं दिल्लीच्या एकाच बँक शाखेत, दुसऱ्या संस्थेला निधी पुढे देता येत नाही, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत. मोठ्या संस्थांना त्याचा फटका बसला आणि त्यांच्याकडून निधी मिळणाऱ्या छोट्या गटांना जास्त बसला, पण तुमच्या मंडळाला त्याची झळ नाही. तुम्हाला लागेल ती आयकराची नोंदणी. एकदा घेतली की जन्मभराची, असं पूर्वी असायचं. २०२१ पासून ती मुदतीची झाली, नूतनीकरणाची तारीख चुकली तर त्रास होतो. आणि एक, महाराष्ट्रातल्या संस्थांची मार्गदर्शक पुस्तकं वाचून धर्मादाय आयुक्ताचं कार्यालय शोधत फिरू नका. आपल्याकडे ते नाही. तुमची नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आहे, दरवर्षीची कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकाकडे जाताहेत ना, तेवढं पाहा.

आता शिबिर. घ्या. अर्ज भरून देणं हे हलकं काम नाही, माणसं तिथूनच तुम्हाला ओळखू लागतात आणि योजनेत काय कुजलंय ते अर्ज भरतानाच कळतं. दोन पथ्यं पाळा. शिबिर पंचायत सभागृहात किंवा शाळेत घ्या, कुणाच्या घरी किंवा पक्षाच्या कार्यालयात नको. आणि नंतर मंजुरीपत्रं वाटायचा कार्यक्रम होईल, तुम्हाला पन्नास बायका घेऊन यायला सांगतील, दोन मिनी बसही पाठवतील. ज्यांचं पत्र आहे त्यांनी जावं, मंडळ म्हणून जाऊ नका. आम्ही एकदा गेलो. मंचावरून आमच्या बायकांना "आमच्या लाभार्थी भगिनी" म्हटलं गेलं आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत आमची सचिव नळाच्या पाण्यावर बोलायला उठली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "परवा बसमध्ये बसून गेली होती ना, आता कसलं बोलते?" ती खाली बसली. पुढे वर्षभर ती ग्रामसभेत उठली नाही.

ग्रँटबद्दल मी तुम्हाला नको म्हणणार नाही. अपंग मुलांच्या शाळा, अनाथालयं ग्रँटशिवाय चालूच शकत नाहीत आणि त्यांच्या गप्प राहण्यावर मी बोट ठेवणार नाही, साठ मुलांचं जेवण त्यावर असतं. पण तुमच्या मंडळाला अजून कुणाचा पगार द्यायचा नाही, हा फायदा आहे. माध्यान्ह आहाराचं काम घेतलेल्या एका बचत गटाची बिलं पाच महिने थकली होती, त्यातल्या एका बाईने किराणावाल्याचं देणं भागवायला बांगड्या गहाण टाकल्या, आणि तरी भाजी-पाव एक दिवस चुकला नाही. तक्रार मात्र कुणी लेखी केली नाही, कंत्राट जाईल म्हणून. तेव्हा ग्रँट घेतलीत तर एकाच कार्यक्रमापुरती घ्या, सभासद वर्गणीचं खातं वेगळं ठेवा, ग्रँटचं वेगळं. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे ग्रँट ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मार्च संपायच्या आत तयार ठेवा. बिल सहा महिने आलं नाही तरी मंडळ चालू राहील एवढे पैसे पहिल्या खात्यात आहेत का, ते बघून मगच सही करा.

आणि अर्जांच्या फेऱ्यांची ती वही आत्ताच सुरू करा. पुढची ग्रामसभा येईपर्यंत वीस घरं होतील. मला दाखवायला घेऊन आलात तर मी फोंड्याला असतेच, सोमवार सोडून.